नावांचा इजारा : पादऱ्याची वेस आणि महाजालाची नोंदवही

बडोद्याच्या नैर्ऋत्येस पंधरा-सोळा किलोमीटरांवर पादरा हे तालुक्याचे गाव आहे. संस्कृतात ‘पद्र’ म्हणजे गाव. बडोद्याचे जुने नाव ‘वटपद्रक’, अर्थात वडाचे गाव, हे इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात आढळते. आणि गुजरातीत वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेला आजही ‘पादर’ म्हणतात. पादरा हे नाव याच शब्दकुळातले दिसते. मराठी माणसाच्या तोंडी ते आले की मराठीच्या नियमाने त्याचे सामान्यरूप होते : पादऱ्यात, पादऱ्याचा, पादऱ्याहून. त्या रूपातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर गुजरातीत नाही, हिंदीतही नाही. रोमन लिपीत हेच नाव पाच अक्षरांत मावते खरे, परंतु ती पाच अक्षरे वाचून कोणी ‘पदरा’ म्हणेल, कोणी ‘पाडरा’, तर कोणी ‘पाद्रा’.

प्रस्तुत लेखाचा विषय नावे हाच आहे. मात्र रेल्वे स्थानकाच्या किंवा पंचायतीच्या पाटीवरील नावे येथे अभिप्रेत नसून महाजालाच्या नोंदवहीत लिहिली जाणारी नावे, म्हणजे डोमेन नावे, अभिप्रेत आहेत. या नोंदवहीतील नावांचा जगभर व्यापार चालतो. त्या व्यापाराची एक शाखा अशी की, ज्या देशांत घरोघरी इंग्रजी बोलली जात नाही त्या देशांच्या प्रत्ययाआधी इंग्रजीतील सामान्यनामे, जसे हॉटेल, गोल्ड, लोन, जॉब, लावून ती नावे आगाऊ घेऊन ठेवायची आणि भाव येताच विकायची. वरवर पाहता हा गुंतवणूकदारांचा विषय वाटतो. परंतु ज्या भाषिक समाजाची वस्ती एका राज्याच्या सीमेत मावत नाही, त्याने या व्यवहाराकडे भूमीच्या इतिहासाच्या अंगाने पाहिले पाहिजे, कारण नोंदवहीत आपले नाव कोणत्या भाषेत आणि कोणाच्या खात्यावर लिहिले आहे हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

मिरासदार, उपरी आणि इजारदार

मराठी मुलखात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग जुन्या दफ्तरांत सर्वत्र भेटतात. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो सारा भरत असेपर्यंत त्याला कोणी उठवू शकत नसे. उपरी हा बाहेरून आलेला, मुदतीच्या कौलाने जमीन कसणारा. या दोघांच्या वर एक तिसरा मनुष्य असे, तो इजारदार. एखाद्या महालाचा वसूल ठरावीक रकमेस तो सरकारकडून घेई आणि रयतेकडून त्याहून अधिक काढून मधला नफा पदरात पाडून घेई. त्याचा जमिनीशी संबंध पिकाचा नसून हिशेबाचा होता.

गुजरातेतील मराठी सत्तेच्या इतिहासात इजाऱ्याने केवढे रामायण घडवले, हे बडोद्याच्या वाचकांना सांगावयास नको. पिलाजीराव गायकवाड १७३२ मध्ये डाकोर येथे मारले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७३४ मध्ये, पादऱ्याच्या देसायांच्या चिथावणीने व साहाय्याने पिलाजीरावांचे बंधू महादजी यांनी बडोदे घेतले, आणि ते शहर गायकवाडांकडे कायमचे राहिले. १७५३ मध्ये अहमदाबाद मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर तेथील वसूल पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटला गेला. पुढे १८०० मध्ये पेशव्यांनी आपला हिस्सा गायकवाडांनाच इजाऱ्याने दिला. १८०४ मध्ये त्या इजाऱ्याची मुदत दहा वर्षांनी वाढली आणि १८१४ मध्ये ती संपली. दुसऱ्या बाजीरावाने नूतनीकरण केले नाही. अहमदाबादेचा कारभार त्रिंबकजी डेंगळे यांच्याकडे गेला. हा इजारा आणि जुने हिशेब यांचा निकाल लावण्यासाठी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास गेले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. त्या खुनाचे निमित्त करून इंग्रजांनी पेशव्यांवर दडपण आणले आणि १८१७ च्या पुणे तहात अहमदाबादेचा इजारा वर्षाला साडेचार लाखांच्या रकमेस गायकवाडांना कायमचा देण्यास पेशव्यांना भाग पाडले. एका मुदतीच्या हक्काचे नूतनीकरण राहिले आणि तीन वर्षांत त्याची किंमत एका राज्याला मोजावी लागली.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, डोमेन नावाची मालकी या तिन्ही नात्यांच्या मिश्रणातून घडली आहे. नाव कोणालाही विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने मिळते. कायद्याच्या दृष्टीने नाव घेणारा उपरी ठरतो. परंतु तो वर्षानुवर्षे शुल्क भरत राहिला तर सहसा त्याला कोणी उठवीत नाही, म्हणजे व्यवहारात तो मिरासदार होतो. आणि ज्याने शेकडो नावे स्वतः न वापरता केवळ पुढील विक्रीसाठी धरून ठेवली आहेत, त्याला आपल्या भाषेत इजारदार हाच शब्द जवळचा आहे.

नोंदवहीची भाषा

महाजालाच्या प्रारंभी जोडलेल्या सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत ठेवली जात. यंत्रे वाढली तशी ती यादी अपुरी पडली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज प्रचलित असलेली उतरंडीची रचना मांडली. नावाच्या अखेरीस एक प्रत्यय, त्याच्या आधी मूळ नाव, त्याच्याही आधी उपनाव. मराठी माणसाला ही रचना परकी वाटू नये. सातारकर, नगरकर, गोवेकर या आडनावांत ‘कर’ हा प्रत्यय माणसाचा गाव सांगतो. तसाच येथे अखेरचा प्रत्यय नावाचे क्षेत्र सांगतो. १५ मार्च १९८५ रोजी ‘डॉट कॉम’मधील पहिले नाव नोंदले गेले. देशांसाठी मात्र दोन अक्षरी प्रत्यय ठरले, आणि ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशनामांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून जसेच्या तसे उचलले गेले.

या यादीचा भाषिक अभ्यास उद्बोधक आहे. जर्मनीचा प्रत्यय ‘डीई’, कारण जर्मन लोक आपल्या देशाला डॉइचलांड म्हणतात. स्पेनचा ‘ईएस’ एस्पान्यावरून, क्रोएशियाचा ‘एचआर’ ह्रवात्स्कावरून, एस्टोनियाचा ‘ईई’ एस्टीवरून आला. स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा नांदतात. त्यांपैकी एकीचीही बाजू न घेता तेथे लॅटिन नावावरून ‘सीएच’ ठरले. दक्षिण आफ्रिकेचा ‘झेडए’ डच नावावरून आला आणि तो आजही तसाच आहे. भारताचा प्रत्यय मात्र ‘आयएन’, म्हणजे इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरे. भारताच्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही दोन्ही नावे आहेत. नोंदवहीत त्यांपैकी एकालाच जागा मिळाली. इंग्रजीत ‘इन’ हे ‘आत’ या अर्थाचे शब्दयोगी अव्ययही आहे, त्यामुळे इंग्रजी सामान्यनामापुढे हा प्रत्यय अगदी स्वाभाविक वाटतो. मराठी किंवा गुजराती शब्दापुढे तसा अर्थ लागत नाही.

एकदा पडलेली अक्षरखूण नाव बदलले तरी बदलत नाही, याचे उदाहरण बडोद्यातच आहे. ज्या १९७४ मध्ये देशनामांची ती यादी प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी शहराचे अधिकृत नाव ‘बरोडा’ऐवजी ‘वडोदरा’ झाले. तरीही वडोदरा जंक्शनची रेल्वे खूण आजही ‘बीआरसी’ आहे, आणि २० जुलै १९०८ रोजी महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने स्थापन झालेली बँक आजही बँक ऑफ बडोदाच आहे. पाटी एका दिवसात बदलता येते; नोंदवहीतली खूण मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण तिच्यावर असंख्य इतर नोंदी अवलंबून असतात.

भारताचा देशप्रत्यय १९८९ मध्ये अस्तित्वात आला. त्याची व्यवस्था प्रथम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेकडे होती. सुरुवातीची जवळजवळ पंधरा वर्षे नियम कडक होते आणि २००४ अखेरपर्यंत केवळ सात हजारांच्या आसपास नावे नोंदली गेली. २००५ च्या आरंभी नोंदणी सर्वांना खुली झाली. त्या वेळी ठरलेला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी व्यापारचिन्हांच्या मालकांना संधी, मग प्रथम येईल त्याला प्रथम. गावांना, साहित्यसंस्थांना, ग्रंथालयांना किंवा भाषिक समाजांना या रांगेत वेगळी जागा नव्हती.

प्रत्ययांचे इजारे

जगात अन्यत्र तर सबंध देशप्रत्ययच इजाऱ्याने गेले. पॅसिफिक महासागरातील तुवालू हा सुमारे अकरा हजार वस्तीचा देश आहे. त्याच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही दोन अक्षरे आली आणि दूरचित्रवाणीच्या उद्योगाला ती हवीशी झाली. बारा वर्षांत पाच कोटी डॉलर देण्याच्या बोलीवर तो प्रत्यय एका परदेशी कंपनीकडे गेला. त्या उत्पन्नामुळे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभासदत्वाचा खर्च पेलणे तुवालूला शक्य झाले आणि २००० मध्ये तो सभासद झाला. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या छोट्या बेटाला ‘एआय’ मिळाले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे इंग्रजी लघुरूपही तेच असल्यामुळे २०२३ मध्ये तेथील सरकारच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा केवळ या नोंदणीतून आला. कोलंबियाने २०१० मध्ये आपला ‘सीओ’ जगाला खुला केला, तो इंग्रजी ‘कंपनी’चे लघुरूप म्हणून खपला. लाओसचा ‘एलए’ अमेरिकेतील लॉस एंजलिस शहराच्या नावाने विकला गेला. या सर्व ठिकाणी देश आपापल्या भाषांतच बोलत राहिले, पण त्यांचा प्रत्यय इंग्रजीत वाचला जाऊ लागला आणि त्याचा भावही इंग्रजी वाचणाऱ्यांनीच ठरवला.

सामान्यनामांच्या व्यापाराची रीतही याच काळात रुळली. इंग्रजीत ‘व्यवसाय’ या अर्थाचे ‘डॉट कॉम’मधील नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरांना आणि १९९९ मध्ये पंचाहत्तर लाख डॉलरांना विकले गेले. त्यानंतर गुंतवणूकदारांची दृष्टी देशप्रत्ययांकडे वळली. त्यांचा हिशेब असा : बाजारातील श्रीमंत गिऱ्हाईक इंग्रजीत शोधते, परदेशी कंपनीला स्थानिक भाषा येत नाही, आणि इंग्रजी शब्द प्रत्येक देशात तोच राहत असल्यामुळे एकच अभ्यास पन्नास देशांत चालतो. नाव घ्यावे, त्यावर जाहिरातींचे पान ठेवावे, वार्षिक शुल्क भरत राहावे आणि गरजू येईपर्यंत थांबावे.

हा हिशेब अनेकदा भाषेपाशीच फसतो. जर्मन लोक मोबाइल फोनला ‘हँडी’ म्हणतात. शब्द इंग्रजी दिसतो, पण इंग्रजीत तो त्या अर्थाने नाही. जर्मन बाजारासाठी इंग्रजी माणसाने आपल्या शब्दकोशातून शब्द निवडला तर तो चुकीचेच नाव विकत घेईल. लोक कोणत्या शब्दाने वस्तू मागतात हे बाजारात उभे राहूनच कळते.

भारतात हेच वेगळ्या तऱ्हेने घडले, आणि ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. येथे सर्वांत गाजलेली सामान्यनामे इंग्रजी निघाली नाहीत. १९९७ मध्ये सुरू झालेले ‘नौकरी डॉट कॉम’ आणि विवाह जुळवणारे ‘शादी डॉट कॉम’ या दोन्ही नावांत शब्द हिंदी, लिपी रोमन आणि प्रत्यय जागतिक आहे. आता पादऱ्याच्या बाजारात उभे राहून विचार करा. मराठी माणूस म्हणतो ‘नोकरी’. गुजराती माणूसही ‘नोकरी’च म्हणतो. मराठीत ‘लग्न’, गुजरातीतही ‘लग्न’. दोन शेजारी भाषांना ज्या दोन शब्दांवर वादच नाही, ते दोन्ही शब्द नोंदवहीत मागे राहिले आणि दोन्ही भाषकांनी ‘नौकरी’ व ‘शादी’ ही रूपे टंकायला शिकून घेतली. ‘औ’ आणि ‘ओ’ यांतला हा फरक लहान वाटेल. पण तरुण पिढी दिवसातून जे नाव दहा वेळा टंकते, तेच तिच्या तोंडी बसते.

न्यायालय आणि सामान्यनाम

नावांवरून तंटे होऊ लागले तेव्हा भारतीय न्यायालयांनी तत्परतेने लक्ष घातले. ‘याहू’च्या नावापुढे ‘इंडिया’ जोडून घेतलेल्या नावाचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. त्याच वर्षी ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ या उच्चारसादृश्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केले. या निकालांमुळे प्रसिद्ध व्यापारी नावांचे अपहरण करणाऱ्यांना चाप बसला.

परंतु ‘दूध’, ‘कापूस’, ‘शाळा’, ‘ग्रंथालय’ हे शब्द कोणाचे व्यापारचिन्ह नाहीत. ते सर्वांचे आहेत, आणि सर्वांचे आहेत म्हणूनच नोंदवहीत जो पहिला येईल त्याचे होतात. गावाचे गायरान कोणा एकाच्या नावावर नसते, म्हणून अतिक्रमण सर्वांत आधी तेथेच होते. शब्दांच्या गायरानाची स्थितीही वेगळी नाही.

सामान्यनाम सार्वजनिक हितासाठी राखून ठेवता येते, याचा पुरावा मात्र अलीकडेच मिळाला. फसव्या संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे क्षेत्र केवळ बँकांसाठी राखून ठेवल्याचे जाहीर केले. त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपवली आणि सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे जाण्यास सांगितले. धोरण उत्तम आहे. या धोरणाने एक शब्द गुंतवणूकदाराच्या हाती न जाता त्या व्यवसायासाठी राखला गेला. जे ‘बँक’ या शब्दासाठी होऊ शकते ते ‘ग्रंथालय’, ‘शाळा’, ‘ग्रामपंचायत’ या शब्दांसाठी, आणि भारतीय लिप्यांतही, का होऊ नये, हा प्रश्न आता विचारण्यास आधार मिळाला आहे.

बडोद्याचा दाखला

असा प्रश्न बडोदे संस्थानाने फार पूर्वी सोडवला होता. राज्यकर्ते मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, वरिष्ठ दरबारी व्यवहारात इंग्रजी, आणि जुन्या दफ्तरांत फार्सीचा भरणा, अशी तेथील स्थिती होती. सयाजीरावांनी आपली मातृभाषा प्रजेवर न लादता राज्यकारभार गुजरातीत आणला. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू करून १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले, आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभारण्याची चळवळ हाती घेतली. याच धोरणातून १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासन शब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी दिलेले आहेत. एका इंग्रजी शब्दासमोर सात भाषांचे रकाने मांडण्यामागे एक विचार होता : कारभाराचा शब्द ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि ती नागरिकाला त्याच्या भाषेत उपलब्ध करून देणे हे राज्याचे काम आहे.

या धोरणाने मराठीचे नुकसान झाले नाही. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये भरले आणि पुढे २०१८ मध्ये पुन्हा भरले. स्वतः सयाजीराव १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्ष होते. गुजरातीला कारभारात मान देऊनही मराठी तेथे नांदली, कारण दोघींनाही आपापला रकाना होता. आजच्या नोंदवहीत तो रकाना कोठे आहे?

डॉट भारत आणि ‘ऱ्य’ची कथा

तो रकाना आहे, आणि तो मोकळा आहे. रोमनेतर लिप्यांतील देशप्रत्यय जगात प्रथम मे २०१० मध्ये सुरू झाले. अरबी आणि सिरिलिक त्यांत अग्रेसर होत्या. रशियाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपला सिरिलिक प्रत्यय सर्वांना खुला करताच पहिल्या काही आठवड्यांतच लाखो नावे नोंदली गेली. भारतात २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी ‘डॉट भारत’चा प्रारंभ झाला, तो हिंदी, मराठी, कोंकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी या आठ भाषांसाठी. गुजराती लिपीतील ‘भारत’ हा निराळा प्रत्यय आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कर्नाटक सरकारने इंग्रजीतील ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ केले. एकाच वर्षात एकीकडे देवनागरीत ‘बेळगाव’ लिहिण्याची जागतिक नोंदवहीतील वाट खुली झाली आणि दुसरीकडे रोमन पाटीवरचे नाव बदलले. आपण दुसऱ्या घटनेवर बोललो, लिहिले, भांडलो. पहिल्या घटनेकडे आपल्यापैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले.

‘डॉट भारत’मध्ये मराठीच्या काही अडचणी खऱ्या आहेत. पहिली जोडाक्षराची. भारतीय लिप्यांतील नावे यंत्रासाठी रोमन अक्षरांच्या सांकेतिक मालिकेत रूपांतरित होतात. त्या रूपांतराचे नियम २००३ मध्ये प्रथम ठरले तेव्हा अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह नावातून गाळण्यात आले. मराठीतील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त करून त्यापुढे ते अदृश्य चिन्ह देऊन. दुसऱ्या प्रकाराने ‘दऱ्या’ टंकल्यास चिन्ह गळून त्याचे ‘दर्या’ होई. सह्याद्रीच्या खोल दऱ्यांचा समुद्र व्हावयास एक अदृश्य खूण पुरे. ‘पादऱ्याचे’ हे रूपही अशाच रीतीने रफाराखाली चिरडले जाते. २०१० मधील सुधारित नियमांनी त्या चिन्हाला ठरावीक ठिकाणी मुभा दिली, तरी नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरणे हाच मराठीसाठी निर्धोक मार्ग आहे. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्येच २००८ साली आले. आपल्या अक्षरांसाठी तांत्रिक समित्यांपुढे कोणी तरी बोलावे लागते. हिंदीच्या गरजा मांडल्या म्हणजे मराठीच्या मांडल्या गेल्या असे होत नाही.

दुसरी अडचण अर्थाची. आठ भाषांना एकच प्रत्यय असल्याने एक शब्द एकालाच मिळतो. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आहे आणि मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. हिंदी बाजार डोळ्यांपुढे ठेवून कोणी शाळेसाठी ‘शिक्षा’ हे नाव घेतले, तर मराठी मुले त्या पाटीकडे पाहून काय समजतील? उलट ‘बाळ’, ‘शाळा’, ‘वेळ’, ‘फळ’ अशा शब्दांवर हिंदी गुंतवणूकदाराची दृष्टी सहसा जात नाही, कारण ‘ळ’ त्याच्या नित्याच्या लेखनात नाही. आपले वर्ण जेथे वेगळे आहेत तेथे आपली जागा अजून मोकळी आहे.

तिसरी अडचण सवयीची. कित्येक अर्जांत आणि ईमेलच्या रकान्यांत देवनागरी पत्ता स्वीकारला जात नाही. ती यंत्रणेची उणीव आहे आणि मागणीनेच ती दूर होईल. जो पत्ता कोणी लिहीतच नाही तो स्वीकारण्याची तसदी कोणी घेत नाही.

सीमेपलीकडील वाचकांसाठी

बडोदे, पादरा, नवसारी, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर, बेळगाव, बिदर, कारवार, जेथे जेथे मराठी मंडळे, वाचनालये, शाळा आणि गणेशोत्सव मंडळे आहेत, तेथे पुढील गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत.

संस्थेचे नाव रोमन, देवनागरी आणि त्या राज्याची लिपी अशा तिन्ही रूपांत नोंदवावे. गुजरातेतील मंडळाने गुजराती लिपीला वगळू नये; सयाजीरावांच्या कोशातील शेजारचा रकाना आपण विसरता कामा नये. नाव संस्थेच्या खात्यावर असावे, एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर नसावे. तो गाव सोडून गेला की संस्थेचे नावही त्याच्याबरोबर जाते. मुदत एका वर्षाची न घेता शक्य तितकी दीर्घ घ्यावी आणि नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणावी. गावाच्या नावाची सामान्यरूपे टंकताना ‘ऱ’ नुक्त्यासह आहे ना, हे मराठीच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावे. आणि जे नाव वापरावयाचे नाही ते अडवून ठेवू नये, कारण इजारदाराविरुद्ध तक्रार करणाऱ्याने स्वतः इजारदार होणे शोभत नाही.

याहून मोठी मागणी सरकारकडे करावयाची आहे. बँकांसाठी जसे एक सामान्यनाम राखले गेले, तसे ग्रंथालय, शाळा आणि ग्रामपंचायत यांसाठी प्रत्येक भारतीय लिपीत सामान्यनामे राखून ठेवावीत, आणि त्यांची वाटणी करताना त्या भाषेच्या राज्याबाहेरील संस्थांनाही समान हक्क असावा. पादऱ्यातील एखादे मराठी वाचनालय महाराष्ट्रात नाही, म्हणून त्याचा ‘वाचनालय’ या शब्दावरील हक्क उणा ठरत नाही.

१८१४ मध्ये पुण्यात एका इजाऱ्याचे नूतनीकरण झाले नाही, तेव्हा पादऱ्याच्या रयतेला विचारण्यास कोणी गेले नव्हते. आजच्या नोंदवहीत रयतेलाही अर्ज करता येतो, शुल्क एखाद्या मासिकाच्या वार्षिक वर्गणीहून फारसे अधिक नसते, आणि ‘डॉट भारत’च्या रकान्यात ‘ळ’ आणि ‘ऱ’ यांना जागा आहे. आपल्या मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.